गांजाचे औषध आणि औषधाचा गांजा

शिरपूर तालुक्यात फिरताना लोक मला कापसाच्या बोंडअळीविषयी विचारतात, पपईच्या व्हायरसविषयी विचारतात, आणि अनुदानाचे पैसे कधी जमा होणार हे तर रोजच विचारतात. अलीकडे मात्र एक नवाच प्रश्न कानावर येऊ लागला आहे. सभा संपली, चहा झाला, माणसे पांगली की एखादा मागे रेंगाळतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "भाऊसाहेब, गांजानी दवाई बनस, हाई खरं शे का?"

विचारणारे दोन प्रकारचे असतात. पहिला तरुण असतो. त्याने मोबाइलवर कुठल्या तरी परदेशातल्या काचघरातले हिरवेगार पीक पाहिलेले असते आणि त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मंग आम्हले बी लायसन भेटी का?" दुसऱ्याच्या घरात दुखणाईत माणूस असते. कुणाची आई कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली, कुणाच्या लेकराला दिवसातून चार-चार वेळा फिट येते. पहिल्याला नफा दिसत असतो, दुसऱ्याला घरातले कण्हणे ऐकवत नसते. दोघांना द्यायचे उत्तर एक नाही, परंतु बातम्यांतून आणि व्हिडिओंतून ते एकच करून टाकले आहे. म्हणून या विषयावर सविस्तर लिहायचे ठरवले. हा विषय विस्तार अधिकाऱ्याचा आहे काय, असे कोणी विचारील. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या तालुक्यात तरी तो आहे, हे पुढे लक्षात येईल.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. भांग, गांजा आणि चरस ही तीन झाडे नाहीत, एकच झाड आहे. त्याची पाने म्हणजे भांग, फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्या फुलोऱ्यावरचा चिकट राळेसारखा स्राव म्हणजे चरस. पपईत जसे नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे, तसेच याचे आहे. गांजा मिळतो तो मादी झाडाच्या फुलोऱ्यातून. या स्रावात शंभराहून अधिक रसायने आहेत. त्यांतली दोन नावे लक्षात ठेवली तरी पुरे. एक टीएचसी, जिच्यामुळे नशा चढते. दुसरे सीबीडी, जिच्यामुळे नशा चढत नाही, परंतु शरीरावर काही उपयोगी परिणाम होतात. टीएचसी शुद्ध रूपात वेगळी काढली ती १९६४ साली इस्रायलचे शास्त्रज्ञ रफाएल मेशूलम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. म्हणजे हजारो वर्षे माणूस जे झाड वापरीत आला, त्यात नेमके काय आहे हे कळून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

आपल्या वैद्यांना हे झाड परके नव्हते. आयुर्वेदात त्याला 'विजया' म्हणतात. शार्ङ्गधर संहितेत तिचा उल्लेख आहे, आणि जुलाबावर, ग्रहणीवर आजही दिल्या जाणाऱ्या जातिफलादी चूर्णात ती असते. मात्र कच्ची विजया वैद्य कधी देत नसत. आधी तिचे शोधन करावयाचे, मग ती मोजून इतर द्रव्यांत मिसळावयाची, हा दंडक होता. इंग्रजी वैद्यकानेही हे औषध आपल्याच देशातून उचलले. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले डॉक्टर ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये धनुर्वात, झटके अशा रोग्यांवरचे आपले प्रयोग छापले, आणि मग गांजाचा अर्क विलायतेच्या दवाखान्यांत पोचला. पुढे १८९३-९४ मध्ये सरकारने एक मोठा आयोग नेमून साऱ्या हिंदुस्थानातल्या भांग-गांजाची चौकशी केली आणि अहवालाचे सात खंड काढले. त्या काळी आपल्या शेजारच्या निमाडात, खंडव्याकडे, परवान्यावर गांजा पिकवला जाई आणि तो सरकारी देखरेखीच्या गोदामात जाई. तेव्हा "बापजाद्यांच्या काळात चालत होते" असे जे म्हातारे सांगतात, त्यात तथ्य आहे. फक्त तेव्हाही ते परवान्याने आणि मोजमापाने चालत होते, हा भाग सांगायचा राहून जातो.

आता औषध म्हणून आजचे शास्त्र काय म्हणते ते पाहू. काही ठिकाणी या झाडाचा उपयोग पक्का ठरला आहे. केमोथेरपीमुळे होणाऱ्या उलट्यांवर टीएचसीचे औषध अमेरिकेत १९८५ पासून मंजूर आहे. मज्जासंस्थेच्या एका आजारात हातपाय ताठरतात. त्यावर टीएचसी आणि सीबीडी मिळून केलेला तोंडात मारावयाचा फवारा इंग्लंडमध्ये २०१० साली मंजूर झाला. लहान मुलांच्या फिटच्या दोन दुर्मीळ आणि हट्टी प्रकारांवर शुद्ध सीबीडीचे द्रावण अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ मध्ये मंजूर केले. जुनाट दुखण्यावर काहींना थोडा आराम पडतो, सर्वांना नाही. आणि कॅन्सर बरा होतो असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, त्याला माणसांवरच्या चाचण्यांतून आधार मिळालेला नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत पेशी मरणे आणि रोगी बरा होणे यांत फार अंतर आहे. बशीतली अळी तर रॉकेलनेही मरते, म्हणून आपण कपाशीवर रॉकेल फवारीत नाही.

इथे मला आपल्या एका बोलण्याच्या सवयीकडे लक्ष वेधायचे आहे. आपण फवारणीच्या विषालाही 'औषध'च म्हणतो. दुकानात जाऊन "मावा पडला, औषध द्या" असे सांगतो. पण त्या औषधाच्या डब्यावर किती टक्के घटक आहे, पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली घ्यायचे, तोडणीच्या आधी किती दिवस फवारणी थांबवायची, हे सगळे छापलेले असते, आणि ते वाचले नाही तर काय होते हे आपण जाणतो. गांजाच्या झाडावर असे काही छापलेले नसते. एकाच वावरातल्या दोन झाडांत टीएचसी सारखी भरत नाही. वाण, ऊन, तोडणीची वेळ, वाळवण यांनी ती बदलते. पोटात घेतले तर असर चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात "काहीच होत नाही" म्हणून माणूस आणखी घेतो आणि मग त्याला आवरताना घरच्यांची तारांबळ उडते. शिवाय जमिनीतले शिसे आणि कॅडमियम ओढून घेण्याचा या झाडाला विशेष गुण आहे. चोरून पिकवलेल्या मालावर कोणते विष मारले, त्याला बुरशी किती लागली, हे कोण तपासणार? आधीच खंगलेल्या रोग्याच्या छातीत असा धूर जाणे म्हणजे दुखण्यावर दुखणे.

मग आपल्या देशात रोग्याला कायद्याने काय मिळू शकते? परदेशात रोग्याला कार्ड देतात आणि ते दाखवून गांजा विकत मिळतो, तशी व्यवस्था भारतात नाही. कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीने गांजा ओढणे कायदेशीर होत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांची आहे. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. या फटीतूनच विजयेची आयुर्वेदिक औषधे आज कायदेशीरपणे बनतात. औषधांच्या १९४५ च्या नियमांत विषारी द्रव्यांची एक यादी आहे, तिच्यात भांग आहे. त्यामुळे अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असली पाहिजे. म्हणजे मार्ग असा: नोंदणीकृत वैद्याने तपासून चिठ्ठी द्यायची, आणि परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत व घटकांचे प्रमाण छापलेले औषध बिलासह घ्यायचे. चिठ्ठी आणि बिल बाटलीसोबतच ठेवावे, प्रवासात तर अवश्य. मात्र "पाने चालतात" म्हणून कोणी परसात झाड लावू नये किंवा घरात भांग साठवू नये. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही परवान्याखाली आणतो, आणि झाड म्हटले की मोठा कायदा लागतोच.

बाजारात भांगेच्या बियांचे तेल आणि पीठ मिळते, त्याचीही गल्लत होते. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या बियांना अन्न म्हणून मान्यता दिली, तीही टीएचसी नाममात्र असण्याच्या अटीवर. ते जवसासारखे खाण्याचे तेल आहे. त्याने फिट थांबत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ही घरातल्या बायांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण गोळ्यांचा डबा त्यांच्याच हाती असतो. विजयेचे किंवा सीबीडीचे औषध चालू केले तर ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन गोळीचा असर त्याने वाढू शकतो. फिटच्या काही गोळ्यांबरोबर गुंगी वाढते, यकृतावर ताण येतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने, तसेच ज्याच्या घराण्यात वेडाचा आजार आहे अशा तरुणाने या वाटेला जाऊच नये.

आता लायसन मागणाऱ्या तरुणाकडे वळतो. कायद्याने वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी दार पूर्ण बंद केलेले नाही, हे खरे. कलम १० प्रमाणे राज्य सरकार लागवडीला परवानगी देण्याचे नियम करू शकते, आणि तंतू किंवा बियांसाठी कलम १४ आहे. उत्तराखंडाने ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसीच्या औद्योगिक वाणाला २०१८ मध्ये परवानगी दिली. हिमाचलच्या विधानसभेने २०२४ मध्ये तशा लागवडीच्या बाजूने ठराव केला. जम्मूला केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेत औषधी गांजावर काम चालले आहे. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले, तेव्हा भारतानेही बाजूने मत दिले. हे सगळे खरे आहे आणि यातली प्रत्येक बातमी आमच्या तालुक्यात "आता मोकळे झाले" अशा रूपाने पोचते. महाराष्ट्रात मात्र असा परवाना औषधालासुद्धा सापडायचा नाही. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने, कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही म्हणून दोन एकर गांजा लावू द्या, असा अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. परवानगी मिळाली नाही. त्या अर्जातला राग मला समजतो. कांद्याचा आणि कापसाचा भाव पाहिला की कुणालाही समजेल. पण तुरुंगातून भाव वाढवून मिळत नाही.

शिक्षेचा हिशेबही स्पष्ट सांगतो. जवळ बाळगलेल्या गांजाला वजनाच्या पायऱ्या आहेत: एक किलोपर्यंत थोडा, वीस किलो म्हणजे व्यापारी प्रमाण, आणि तिथे शिक्षा दहा वर्षांपासून पुढे सुरू होते. परंतु लागवडीला अशा पायऱ्या नाहीत. तुरीच्या ओळीत चार झाडे लावली काय आणि एकरभर लावली काय, गुन्हा तोच; दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशीत, मक्यात, तुरीत लपवलेल्या गांजावर पोलिसांची धाड पडल्याच्या बातम्या आमच्याकडे वारंवार येतात. त्या नीट वाचा. सापडतो तो वावर कसणारा, पुष्कळदा पावरा किंवा भिल्ल समाजातला गरीब माणूस. बी आणून देणारा आणि पीक उचलून नेणारा व्यापारी त्या दिवशी वावरात नसतो. वनहक्काच्या जमिनीसाठी वर्षानुवर्षे कागद गोळा केलेल्या माणसाने एका हंगामाच्या उचलीपायी ते सगळे पणाला लावावे, याचे मला फार वाईट वाटते.

याच कायद्यात कलम ४६ आणि ४७ आहेत, ती फार थोड्यांना ठाऊक असतात. आपल्या जमिनीत कोणी गांजा लावला आहे हे कळूनही जमीनधारकाने कळवले नाही, तर तो स्वतः दोषी ठरतो. म्हणून बटाईने किंवा खंडाने वावर दिले असेल तर अधूनमधून बांधावर चक्कर मारीत जा. आणि सरपंच, पंच, गावकामगार व प्रत्येक सरकारी अधिकारी यांना अशी लागवड कळताच ताबडतोब खबर देणे बंधनकारक आहे. त्यात मीही आलो. विस्तार अधिकाऱ्याचे सारे काम विश्वासावर चालते. शेतकरी मला वावराच्या कोपऱ्यापर्यंत नेतो, कर्ज किती आहे तेही सांगतो. म्हणून मी प्रत्येक गावात आधीच सांगून ठेवतो की बाकी सारे मजजवळ बोला, पण हे झाड मला दाखवले तर गप्प राहणे माझ्या हातात नाही. काहींना हे कडू लागते. एका पाड्यावर मला वर्षभर कुणी पाणी विचारले नाही. इलाज नाही.

औषधाचे पीक कायद्याने पिकवणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर फार लांब जायला नको. पळासनेरवरून बिजासन घाट चढून सेंधवा, पुढे इंदूर, आणि त्याच्याही पुढे मंदसौर-नीमचचा भाग लागतो. तिथले शेतकरी अफूची लागवड करतात, केंद्र सरकारच्या परवान्यावर. परवाना वर्षापुरता आणि क्षेत्र किती? दहा आरच्या आसपास, म्हणजे आपले दहा गुंठे. ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स ब्युरोचे लोक येऊन वावर मोजतात. चीक काढणाऱ्याने सगळा चीक सरकारलाच द्यायचा, भाव सरकार ठरवील तोच. अलीकडच्या धोरणात हेक्टरी ४.२ किलो मॉर्फिन भरले पाहिजे अशी अट आहे. उतारा कमी पडला की पुढच्या वर्षीचा परवाना अडचणीत. गारपीट झाली तर भरपाईच्या आधी परवान्याची चिंता. शेतकऱ्याच्या हाती मोकळेपणाने विकायला उरते ती खसखस. मोबाइलवरच्या काचघरात यातले काही दाखवीत नाहीत.

पण त्या अफूची दुसरी बाजू अशी, की तिच्यातूनच मॉर्फिन निघते, आणि माझ्या दुसऱ्या प्रकारच्या विचारणाऱ्याला ज्याची गरज असते ते बहुधा हेच औषध. तापीकाठच्या एका गावातला मुलगा मला भेटला होता. त्याच्या आईला तोंडाचा कॅन्सर, मिसरीची जुनी सवय. शस्त्रक्रिया झालेली, रोग पुन्हा उलटलेला. कुणी तरी त्याला 'गांजाचे तेल' म्हणून एक बाटली दाखवली होती आणि किंमत सांगितली होती ती दोन क्विंटल कपाशीएवढी. बाटलीवर परवाना नाही, बॅच नाही, प्रमाण नाही. मी त्याला विचारले, दुखण्यावर सध्या काय देता? त्याने खिशातून पाकीट काढले, त्यात तापावर देतात ती साधी गोळी होती. ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथे दुखण्याविषयी त्याला कुणी दोन शब्द सांगितले नव्हते. बाई रात्रभर बसून काढायची, आडवे होता येत नव्हते. मी डॉक्टर नाही. परंतु वेदना कमी करण्याचा वेगळा विभाग मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत असतो एवढे मला ठाऊक होते, तेवढे सांगितले. तो आईला मुंबईला घेऊन गेला. मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. रोग बरा व्हायचा नव्हता, झालाही नाही. पण पुढचे चार महिने ती माउली रात्री झोपली, पातळ खिचडी गिळू लागली आणि सुनेशी पुन्हा भांडूही लागली, असे मुलगाच सांगत होता.

मॉर्फिनचे नाव काढले की लोक दचकतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्या घालून दिल्या आणि कडक वेदनेच्या पायरीवर मॉर्फिन ठेवले. आपल्याकडे ते मिळणे अवघड होते, कारण दवाखान्याला निरनिराळे परवाने काढावे लागत. २०१४ मध्ये याच अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनसारखी औषधे 'अत्यावश्यक' म्हणून वेगळी काढली. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते. डॉक्टरने ठरवलेल्या मापाने वेदनेसाठी घेतल्यास व्यसन लागण्याची भीती फार थोडी असते. गोळी महागही नाही. तरी ती मागायला कुणी जात नाही, आणि विनालेबल बाटलीला हजारो रुपये मोजतात.

म्हणून घरात असे दुखणे असेल तर आधी धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथे स्पष्ट शब्दांत विचारा: "वेदना कमी करण्याचे उपचार इथे होतात का, नसतील तर कुठे पाठवता?" जाताना तपासणीचे सर्व कागद, गाठीच्या तपासणीचा अहवाल, जुन्या चिठ्ठ्या आणि आधार व रेशन कार्ड बरोबर घ्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर ते लागतात. आदल्या आठ दिवसांत वेदना कोणत्या वेळी उठली, दहापैकी किती होती, कशाने कमी झाली, हे शाळकरी पोराकडून वहीत लिहून घ्या. डॉक्टरला त्या वहीचा मोठा उपयोग होतो. मॉर्फिनने पोट बांधले जाते, म्हणून जुलाबाचे औषध सोबत मागून घ्यावे. वेळ चुकवू नये, आणि दुखत नाही म्हणून आपल्या मनाने एकदम बंदही करू नये. गोळ्या कुलपात ठेवा, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कंबरदुखीला त्यातली एकही देऊ नका, आणि उरल्या तर रुग्णालयात परत करून तशी नोंद करून घ्या.

घरात कुणाला गांजाचेच व्यसन असेल तर त्याचीही वाट कायद्यात आहे. सेवन केल्याचा किंवा थोड्या प्रमाणाचा गुन्हा लागलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन उपचार पुरे करील, तर कलम ६४-अ प्रमाणे त्याच्यावर खटला चालत नाही. भरतीचा कागद आणि उपचार पूर्ण झाल्याचा दाखला जपून ठेवावा, वकील तोच आधी मागतो.